फुटक्या कोषांचा कारभार

शिलाई मशीनखाली कतरण साठते ना, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साठतात. कुणी मुद्दाम साठवायला जात नाही. संध्याकाळी झाडू मारताना कळतं की आजही मूठभर निघाले. रेशमाची कतरण निदान उशीत भरता येते. किस्से कशात भरणार? म्हणून सांगून टाकते.

आमची शेड इंदापूर तालुक्यात कळसला, रस्त्याच्या कडेला. पूर्वी तिथं खताची पोती ठेवायचे. आता आम्ही बाया तिथं रेशमाचे स्कार्फ, केसांची रबरं, बटवे आणि कोष कापून कानातली करतो. रेशीम पण साधंसुधं नाही, 'अहिंसा' रेशीम. म्हणजे असं की, अळीनं कोष विणला की बाकीचे शेतकरी तो बारामतीच्या बाजारात नेतात. पुढे तो उकळला जातो, आतला किडा मरतो आणि अखंड धागा निघतो. आम्ही मात्र थांबतो. किड्याचा पतंग होतो, तो कोष फोडून बाहेर येतो, आणि मागे राहिलेला फुटका कोष आम्ही कापसासारखा कातून घेतो. जीव कुणाचा घ्यायचा नाही, रंग झाडापाल्याचे, बायांना नीट मजुरी आणि कचरा काही टाकायचा नाही.

ऐकायला फार गोड आहे. पण इतका संशय मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात बघितला नाही. दुधाला लॅक्टोमीटर लावता येतो, उसाचा उतारा काढता येतो. पतंग आपल्या पायानं बाहेर आला की नाही, हे कशानं मोजणार? म्हणून पुण्याच्या मॅडम आमच्यावर संशय घेतात, आम्ही कोष देणाऱ्या निरवांगीच्या तात्यांवर घेतो आणि गाव आम्हा सगळ्यांवर घेतं. त्यात मी मूळचीच संशयी. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तर मी आधी भाजी उलटीपालटी करून बघते.

केतकी मॅडमचं पुण्यात दुकान आहे आणि आमचा सगळा माल ते एकच दुकान घेतं. मॅडमचा विश्वास उडाला की शेडला कुलूप. शेडला कुलूप म्हणजे आम्ही परत उसात, खुरपं घेऊन. आमच्यातल्या थोरल्या भामाक्काच्या गुडघ्यांनी तर उसाला कधीच नकार दिलाय, तिला परत जायला उसाची वाटसुद्धा नाही. पुढचं सगळं रामायण त्यापायी आहे.

*

सुरुवातीला पतंग आमच्या शेडमध्येच बाहेर पडायचे. तेव्हाची गोष्ट.

शेजारच्या मळ्यातले आबा पारावर सांगायला लागले, "फुटका कोष बाजारात कोण कुत्रं इचारत न्हाय, आन् ह्या बाया फुटकाच मागत्यात. काय तरी दुसराच धंदा हाय."

एका सकाळी आबा आमच्या खिडकीला डोळा लावून उभे. आत आम्ही नुकत्याच निघालेल्या पतंगांचे ट्रे मांडून ठेवलेले. आता या पतंगाला आयुष्य असतं दोन-चार दिवसांचं. धड उडताही येत नाही. तो एकच काम करतो, जोडी जमवतो. ट्रेभर जोड्या, शेपटाला शेपूट लावून, तासन् तास. उकडत होतं म्हणून आम्ही पंखा लावला होता.

आबांनी पोटभर बघितलं आणि पारावर जाऊन सांगितलं, "रेशमाचं मला ठावं न्हाय. पर त्या शेडात बिनलग्नाचं संसार चालल्यात, आन् ह्या बाया त्यास्नी वारा घालत्यात."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीला गर्दी व्हायला लागली. शेवटी आम्ही पडदा लावला. पडदा बघून गावाची खात्रीच पटली.

*

भामाक्काला पतंगांची भारी दया. उपाशी मरतात म्हणून बशीत साखरपाणी घेऊन त्यांच्यापुढे बसायची. आमच्या रुखसाना भाभी बावड्याच्या, घरचं कापडाचं दुकान. शेडमधली शिलाई आणि रंगकाम त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "अक्का, ह्यास्नी खायाला तोंडच नसतंय. तुमी कुणाला पाजताय?"

भामाक्काला पटेना. तिला वाटलं, भाभी साखर वाचवायला बघतायत. तिनं चष्मा लावला, एकेक पतंग उचलून उलटा केला आणि तोंड शोधलं. बराच वेळ शोधलं. मग बशी बाजूला सारली.

"खरंच की गं. जन्माला यायचं, गर्दी करायची, तोंड म्हणून उघडायचं न्हाय आन् एक दिस मरून जायचं. सोसायटीचं सभासदच म्हणायचं हे."

भामाक्काचे मालक कित्येक वर्षं गावच्या कर्जाच्या सोसायटीचे सभासद आहेत.

*

मॅडमना दर खेपेला पतंग बाहेर पडतानाचा व्हिडिओ लागतो. पहिले दोन आम्ही हौसेनं पाठवले. तिसऱ्याला फोन आला.

"सुनीताताई, हा मागच्याच पतंगाचा व्हिडिओ वाटतोय."

आता पतंग काय कपाळावर नाव लिहून येतो? सगळे पांढरे, सगळे गुबगुबीत. मी विचारलं, "मॅडम, वेगळा ओळखायचा कसा?" मॅडमनी उपाय काढला. कोषाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायचं, तारीख दिसेल असं. पळवून नेलेल्या माणसाचा फोटो सिनेमात काढतात, तो प्रकार.

पतंग निघतो सकाळी सकाळी, आणि आमच्याकडे पेपर येतो आरामात. म्हणून मी स्वतः फाट्यावर जाऊन पेपरच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. पेपर आणला, कोषाखाली अंथरला, मोबाइल धरला. कोषाचं टोक ओलं झालं, डोकं आलं, पाय आले, अख्खा पतंग बाहेर आला. आम्ही सगळ्या श्वास रोखून.

बाहेर आल्या आल्या पतंग तपकिरी पाण्याची एक धार सोडतो. तान्ही पोरं सोडतातच की. पेपरवर पुढाऱ्याचा एवढा मोठा हसरा फोटो होता, तो त्यानं सोडला. जाहिराती सोडल्या. धार गेली ती नेमकी तारखेवर.

मॅडमचा मेसेज आला, "तारीख वाचता येत नाहीये. पुन्हा पाठवा."

भामाक्का म्हणाली, "त्याला म्हणावं, परत आत जा."

*

पतंगांच्या पंखांची पांढरी भुकटी उडते. ती स्कार्फवर बसायला लागली आणि रुखसाना भाभींना शिंका सुरू झाल्या. शिलाईचा टाका आणि शिंक एकदम आली की बटव्याचं तोंड वाकडं. तेव्हा तात्या म्हणाले, "कोष माझ्याकडंच फुटू द्या. मी तुमास्नी नुसती टरफलं आणून देतो."

तात्या म्हणजे पांढराशुभ्र पोशाख, मोठा आवाज आणि सदा हसरा चेहरा. तुतीची बाग झकास ठेवतात. सभेत असे बोलतात की विरोधकही टाळ्या वाजवतो आणि घरी गेल्यावर त्याला आठवतं की आपण विरोधात होतो. इतक्या गोड माणसाकडे कोष ठेवायचे म्हटल्यावर माझा संशय लगेच जागा झाला. पण शिंका थांबायला पाहिजे होत्या, म्हणून मी हो म्हणाले.

*

मग मॅडमनी तपासणीला एक मुलगी पाठवली. कामगारांना बरं वागवतात का, कुणाला डांबून तर ठेवलं नाही, हे बघायला. मुलगी चांगली होती, पण तिनं मला बाहेर काढलं आणि एकेकीला एकटीला प्रश्न विचारले. मी दाराला कान लावून.

"आजी, इथं तुमच्यावर कुणाची जबरदस्ती होते का?"

"व्हती की," भामाक्का म्हणाली.

मी कान आणखी घट्ट लावला. मुलीचा आवाज हळू झाला. "कुणाची? घाबरू नका."

"ह्या सुनीताची. दुपारी जरा आडवं व्हावं म्हटलं तर म्हणती, अक्का, गाणं म्हण, तुझ्या गाण्यावर टाकं सरळ पडत्यात."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"मंग ती सोता म्हणती. तवा म्हणावंच लागतंय, बाई. बाकीच्यांच्या जिवाचा इचार करावा लागतो."

तपासणीत आम्ही पास झालो. शेरा तेवढा एक आला. कामाच्या जागी आवाजाचा त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी.

*

डाळिंबाच्या सालीचा रंग पिवळा येतो. इंदापुरात डाळिंबाला तोटा नाही, त्यामुळे आमचा अर्धा माल पिवळा. एकदा रुखसाना भाभींनी त्याच सालीतून असा सुरेख करडा रंग काढला की मॅडम फोनवरच वेड्या झाल्या. मग भानावर आल्या आणि विचारलं, "हा पुडीचा, रासायनिक रंग तर नाही ना?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. भाभी पातेल्यावर फडकं बांधून ठेवायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, "घरचा नुस्खा हाय." पुडीचा रंग निघाला असता तर आमचं दुकानच उठलं असतं. एक दिवस भाभी जेवायला गेल्या तशी मी फडकं सोडलं आणि काठीनं पातेलं ढवळलं. पुडी सापडेल म्हणून. काठीला काहीतरी जड लागलं. वर काढलं तर विळा. गंजून लाल झालेला.

इकडे भामाक्काच्या घरी महिनाभर महाभारत चाललं होतं. विळा हरवला, तो सुनेनं माहेरी पोचवला, असं अक्काचं म्हणणं. सून तेव्हापासून बोलत नव्हती. अक्कानं मुठीला गुंडाळलेली तार बघितली आणि म्हणाली, "ह्यो तर आमचा."

भाभी हात पुसत आल्या. "शेडामागं गवतात गंजत पडला व्हता, अक्का. गंजलं लोखंड घातलं की साल करडा रंग देती. पुडी न्हाय का काय न्हाय. तुमचा हाय तर न्या घरी."

भामाक्का विळ्याकडे बघत बसली. मग तिनं तो उचलून परत पातेल्यात सोडला.

"ऱ्हाऊ दे हितंच. घरी न्हेला तर सुनंची माफी मागावी लागंल."

*

आता तात्यांचं.

यंदाच्या उन्हाळ्यात तात्यांकडून कोष आले आणि भामाक्कानं एक हातात घेऊन फिरवला. पतंगानं पाडलेलं भोक कसं असतं, कडेला तंतू विस्कटलेले, तपकिरी डाग पडलेला. या कोषांना डाग नाही, तंतू विस्कटलेले नाहीत. गोल, स्वच्छ काप.

"सुनीता, ह्या पतंगांनी दाढीबिढी करून वाट काढली का काय?"

मी पोतं उपसलं. निम्मे कोष तसेच. तेवढ्यात रुखसाना भाभींनी सांगितलं की उजनीच्या पाण्यावर मासे धरणारा कुणीतरी बावड्याला त्यांच्या दुकानात विचारत होता, कोषातले किडे कुठं मिळतील म्हणून. गळाला लावायला ते किडे झकास असतात म्हणे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टरफल आमच्या अहिंसेला आणि आतला जीव माशाला. तात्या दोन्हीकडून गोड बोलतायत. मला भयंकर राग आला, आणि रागाखाली भीती होती. लग्नात पाहुण्यांना द्यायच्या बटव्यांची मोठी ऑर्डर बांधून तयार होती आणि मॅडम त्याच आठवड्यात न्यायला येणार होत्या.

भाभींच्या स्कूटीवरून निरवांगीला जावं म्हणून बाहेर आले, तर दारात मॅडमची गाडी उभी. गाडी बॅटरीवरची, तिला आवाज म्हणून नाही. कधी आली कुणाला कळलं नाही, दारातलं कुत्रंसुद्धा झोपेतून उठलं नव्हतं. मॅडम उतरल्या. त्यांच्या तळहातावर मागच्या खेपेतलं आमचंच एक कानातलं होतं.

"सुनीताताई, हे भोक ब्लेडचं आहे."

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण कानातलं समोर होतं. मी म्हणाले, "मलाबी तसंच वाटतंय, मॅडम. आत्ता तात्यांकडंच निघाले होते."

"चला, मीही येते. पण आधीच सांगते. फसवणूक निघाली तर हा माल मी नेणार नाही, आणि यापुढचाही नाही. लोकांना मी काय सांगून विकते, तुम्हाला माहीत आहे."

भामाक्का बटव्यांच्या गाठोड्यावर जाऊन बसली. तिचे गुडघे तिच्या दोन्ही हातांत होते, ते मला निरवांगीपर्यंत दिसत राहिले.

तात्यांच्या शेडच्या दाराला गाडी लागली तरी त्यांना पत्ता नाही. आमच्याकडे पाठ करून बसलेले. हातात ब्लेड. एक कोष घेतला, टोक कापलं, आतला किडा ट्रेमध्ये सोडला. दुसरा घेतला. मॅडमनी हाक मारली तेव्हा ब्लेड खाली पडलं.

पण तात्या म्हणजे तात्याच. उठले, हसले. "या, या. बरं झालं आला. बघा, ह्या बिचाऱ्यांची काय दशा झाली. ह्या उन्हानं अंगात ताकदच ऱ्हायली न्हाय. कोष फोडवंना, आतच गुदमरून मराया लागलं. अडल्या बाईचं पोट कापून लेकरू काढत्यात का न्हाय? त्योच प्रकार ह्यो. जीव वाचवायचा म्हटल्यावर ब्लेड आलंच."

ट्रेमध्ये कोंडा पसरला होता आणि त्यावर तपकिरी किडे ओळीनं ठेवलेले. मी बोट लावलं. किडा वळवळला. जिवंत होता. खरं सांगत असतील, असं वाटलं. मग कोपऱ्यात झाकण लावलेला एक डबा दिसला.

"त्यात काय हाय, तात्या?"

"कोंडा हाय, ताई. बघा की."

मी झाकण काढलं. वर कोंडाच होता. खाली हात घालायचं धाडस मला झालं नाही. निघालंच काही, तर भामाक्काला जाऊन काय सांगणार होते?

मॅडमना मात्र पटेना. "हे किडे जगवायला काढताय की विकायला, हे मला कसं कळणार?"

"तुमी सोता एक काढा," तात्या म्हणाले. "हातानं केलं म्हंजे मनाला पटतंय."

मॅडम अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवू लागल्या. तेवढ्यात तात्यांनी ढिगातला एक कोष उचलून कानाशी हलवला. कोषवाले सगळेच तसं करतात. आत किडा धडधाकट असला की कोष खुळखुळतो. मरून पाघळलेला असला की आवाज येत नाही. एक हलवला, बाजूला ठेवला. दुसरा हलवला, बाजूला ठेवला. असे चार-पाच झाले. मग एक कोष त्यांनी जरा जास्त वेळ कानाशी धरला आणि मॅडमच्या हातात दिला, ब्लेडसकट.

मॅडमनी फार जपून कापलं. जीभ दातांत धरून, अगदी कडेकडेनं. कोष उघडला आणि त्यांच्या बोटांवर काळपट पाणी ओघळलं. आत किडा नव्हता, नुसता लगदा होता.

मॅडमनी ब्लेड खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मारलं का हो त्याला?"

तात्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. "व्हतंय तसं, मॅडम. पयल्यांदा सगळ्यांच्याच हातनं व्हतंय. मनाला लावून घेऊ नगा."

मॅडमनी नळावर हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. कानातल्याचं नाव काढलं नाही, डब्याचं काढलं नाही. गाडीत बसताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनीताताई, अक्कांना फोन करा. गाठोडी दारात आणून ठेवा म्हणावं, जाताना घेते. आणि पुढची ऑर्डर मी उद्या कळवते."

मी भामाक्काला फोन केला. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

फोन ठेवून मी परत आत गेले. तात्या धोतराच्या सोग्यानं ब्लेड पुसत होते.

"तात्या, मॅडमला दिलेला कोष खुळखुळत व्हता का?"

तात्या हसले आणि म्हणाले, "काय सांगावं, ताई. तुमच्या गाडीचा लई आवाज येत व्हता. ऐकूच आलं न्हाय."